अकरावी सायन्स : गणित नको, बायो पण नको. मग उरलं काय?

रमणमळा_आई
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक यंदा दहावी झाली. मराठी ८८, इंग्रजी ७८, संस्कृत ९६, समाजशास्त्र ९४, विज्ञान ८७, गणित ७१. बेस्ट फाइव्ह धरून ८८.६०. घरी पेढे वाटून झाले. मग रात्री नवऱ्याने गुणपत्रिका हातात घेऊन बेरीज केली आणि म्हणाला, "अगं, यात गणित धरलेलंच नाही." तेव्हापासून घरात शांतता नाही.

लेकीला सायन्सलाच जायचंय, पण गणित सोडायचंय. बायोही नको, कारण चित्रं काढायला लागतात. नवरा म्हणतो, गणित सोडलंस तर निम्मी दारं बंद. पुण्याच्या नणंदबाईंचा फोन आला, "दोन्ही ग्रुप ठेवा, पुढचं पुढं." शेजारी म्हणतात बायफोकलला कॉम्प्युटर घ्या. लेकीच्या मैत्रिणी मराठीऐवजी आयटी घेतायत, म्हणून हीसुद्धा आयटी म्हणाली. माझे सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक. ते ऐकल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलंय. चहा हवा असला तरी नातवामार्फत निरोप येतो.

मी स्वतः कॉमर्सची, पतसंस्थेत नोकरी. सायन्सचं मला खरंच काही कळत नाही. गणित आणि बायो दोन्ही सोडून सायन्स होतं का? आणि सोडलं तर त्या जागी काय घ्यायचं?

दुधकट्टा
पहिल्यांदा पोरीचं अभिनंदन. ८८.६० म्हणजे नाद खुळा. आमच्या वेळी एवढ्यात दोघं पास व्हायची.

पेठेतला_डिफेंडर
@दुधकट्टा, भावा तू दोन प्रयत्नांत पास झालास, त्याची बेरीज सांगतोयस व्हय?

दुधकट्टा
तीन. बेस्ट ऑफ थ्री.

गणूसर
ताई, आधी चौकट समजून घ्या, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. बारावी बोर्डाला सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण वेगळं, त्याला श्रेणी. सहापैकी इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत अशी एक भाषा, किंवा आयटी. उरल्या चार जागा. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो भरली की झाली सहा. म्हणजे नणंदबाई ज्याला 'दोन्ही ग्रुप' म्हणतात ते काही जास्तीचं नसतं, साध्या सायन्सला तेच पान वाढलेलं असतं. विषय सोडायचा म्हणजे ताटातली वाटी उचलायची, आणि तिथं दुसरी ठेवायला लागते. बायोच्या जागी भूगोल चालतो. गणिताच्या जागीही चालतो. पण कागदावर चालणं वेगळं आणि कॉलेजात तो विषय शिकवायला माणूस असणं वेगळं. ते आधी विचारा.

बायफोकल म्हणजे २०० गुणांचा एकच विषय, दोन जागा खातो: दुसरी भाषा आणि चारांतला एक. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, अगदी स्कूटर-मोटरसायकल सर्व्हिसिंगसुद्धा आहे त्यात. तो घेतला तर मराठी की आयटी हे भांडणच राहत नाही, दोन्ही जातात.

रमणमळा_आई
@गणूसर, धन्यवाद. बायफोकल घेतलं तर मराठी जातेच, हे सासऱ्यांना सांगायची हिंमत नाही माझ्यात.

कळंबा_कोडवाला
बायफोकल कॉम्प्युटर मी केलंय. दोनशेपैकी शंभर प्रॅक्टिकलचे, त्यामुळं बोर्डाची टक्केवारी वर जाते. पण इंजिनिअरिंगचं मेरिट सीईटीवर लागतं, बोर्डाच्या टक्केवारीवर नाही. बोर्डाला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० पुरतात. त्यामुळं 'मार्क पडतात' म्हणून विषय घेत असाल तर ते मार्क खर्च कुठं करणार ते आधी बघा.

उद्यमनगरी
मी फाउंड्रीतला माणूस, सरळ सांगतो. एवढ्या भानगडी कशाला? दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निक मिळतंय, सीईटी नाही की फिटी नाही. तीन वर्षं डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. माझं पोरगं असंच गेलं. बारावीवाली पोरं डिग्रीला येऊन लेथ म्हणजे काय विचारत होती, तवर ह्यानं दोन उन्हाळे शिरोलीच्या एमआयडीसीत काढले होते.

आणि गणित सोडायचं म्हणताय, तर एक सांगतो. आमच्याकडं पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, बनवणारे एक वयस्कर मिस्त्री होते, सातवी शिकलेले. बिडाचं कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा करायला लागतो. तो हिशेब ते तोंडी करायचे, वर मशिनिंगचं मटेरियल वेगळं धरून. शाळेत गणितात कायम नापास, आणि इथं मिलिमीटर चुकत नव्हता.

रमणमळा_आई
@उद्यमनगरी, मिस्टरांचं पॅटर्न शॉपच आहे उद्यमनगरात. तुमचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "बघ, हे मीच सांगत होतो." त्यांनी यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

बायोवाली_मॅडम
चित्रं काढायला लागतात म्हणून बायो सोडणारी ही या आठवड्यातली माझी चौथी केस. आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम बेडूक कापायचा का? बाळांनो, तो बेडूक कधीच सुटला.

खरं सांगू का, बायो सोडायला हरकत नाही, फक्त काय सुटतंय ते माहीत असावं. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि व्हेटर्नरीसुद्धा नीटवर. नीट ७२० ची, त्यातले ३६० निव्वळ बायोचे. म्हणजे बायो गेलं की ही सगळी रांग गेली. पण फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायो, दोन्हीतलं एक चालतं. बीएस्सी अ‍ॅग्रीच्या सीईटीलाही पीसीएम चालतं, पीसीबीही. लोकांना वाटतं अ‍ॅग्री म्हणजे बायो पाहिजेच. तसं नाही.

पुणेरी_जावई
माझ्या मते कोणत्याही परिस्थितीत पीसीएमबीच घ्यावे. पंधरा वर्षांच्या मुलीला आयुष्याचा निर्णय घेता येत नाही. सर्व पर्याय खुले ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

गडहिंग्लजकर
@पुणेरी_जावई, मी पर्याय उघडे ठेवलो होतो हो. दोन वर्षं. चारी विषय, चार जर्नलं. सकाळी मॅथ्सचा क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी बायोचा क्लास. बारावीच्या डिसेंबरात मी नीटपण देणार होतो आणि सीईटीचे दोन्ही ग्रुपपण. सीईटीला पीसीएम वेगळी परीक्षा, पीसीबी वेगळी, दोन्हीला बसता येतं, म्हणून बसलो. इंटिग्रेशन करायला बसलो की वाटायचं बायोचं रिव्हिजन राहिलंय, बायो उघडलं की इंटिग्रेशन. सगळीकडं मधले मार्क पडले. शेवटी बीएस्सी केमिस्ट्री केलो, जे कुठलाही एक ग्रुप घेऊन झालं असतं. आता नोकरी बरी आहे, तक्रार नाही. पण उघड्या दारातनं वारंपण येतं.

पेठेतला_डिफेंडर
@गडहिंग्लजकर, दादा एक नंबर बोललात.

गडहिंग्लजकर
दादा नाही, ताई. आमच्याकडं बायकापण 'मी केलो, मी आलो'च म्हणतात.

पेठेतला_डिफेंडर
माफ करा ताई. घरात आजी दिवसभर "मी जातो, मी येतो" म्हणती, तरी सुधारलो नाही.

हिशेबनीस
कुणी कॉमर्सचं नाव काढेना म्हणून मी काढतो. तिथंही हाच तिढा आहे: एसपी की मॅथ्स? सगळी पोरं चिटणिसाची कार्यपद्धती घेतात, कारण सोपी. मग सीए फाउंडेशनला बसतात आणि चार पेपरांतल्या क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूडमध्ये अडकतात. माझ्याकडे आर्टिकलशिपला आलेल्या एका मुलीने त्या एका पेपरापायी दोन वेळा फाउंडेशन दिली. अकरावीला मॅथ्स घेतलं असतं तर हातात आधीच आलं असतं. ताई, तुम्ही स्वतः कॉमर्सच्या, मुलीला विचारलंत का?

रमणमळा_आई
विचारलं. म्हणाली, "आई, तू रोज संध्याकाळी पाच रुपये जुळत नाहीत म्हणून उशिरा येतेस. मला नको."

दुधकट्टा
😂😂 पोरगी हुशार आहे. कुठलंबी घेऊ द्या, अडत नाही.

कुंभारगल्ली
आमचा अनुभव सांगते. एका इंटिग्रेटेड क्लासवाल्यांकडे गेलो होतो, नाव नको. मुलाला भूगोल घ्यायचा होता बायोच्या जागी. समोरच्या सरांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "भूगोलाची बॅच नाही." मी म्हटलं, बॅच नको, घरी करेल. तर म्हणाले, "मग आमच्या टाइमटेबलात बसत नाही." आणि टाइमटेबल काढून दाखवलं, सकाळी सात ते संध्याकाळी सात. त्यात कॉलेज कुठं आहे विचारलं तर हसले. डिपॉझिट भरलेलं नव्हतं, नशीब. उठून आलो. बाहेर येऊन आधी मिसळ खाल्ली, मग विचार केला.

पेठेतला_डिफेंडर
कुठली मिसळ ते सांगा. बाकी धागा राहू द्या.

व्यवस्थापक
मिसळीचा धागा वेगळा आहे, तिथे आधीच ४०० प्रतिसाद आणि दोन जणांचं बोलणं बंद आहे. इथे विषयावर राहावं ही विनंती.

मराठीचा_मास्तर
मी विषयावरच बोलतो. सासरेबुवांची बाजू घ्यायला इथं कुणीतरी पाहिजे. दहावीपर्यंत मराठी सक्तीची, त्यासाठी २०२० साली कायदा झाला. आणि अकरावीच्या दारात पाय ठेवला की पहिली गच्छंती मराठीचीच. का? तर आयटीत ऑनलाइन पेपर, पटापट मार्क. माझ्या वर्गात सायन्सची साठातली बारा मुलं उरली होती. मी त्या बारांना जे शिकवलं ते साठांना कधी शिकवता आलं नसतं, हा भाग वेगळा. पण दुखतं.

कळंबा_कोडवाला
सर, आदर आहे, पण आयटी घेणारी सगळीच पळपुटी नसतात. वेबपेज कसं बनतं हे मला पहिल्यांदा त्या पुस्तकात दिसलं. आणि मराठी मी सोडली म्हणून विसरलो का? हे काय लिहितोय मग?

मराठीचा_मास्तर
@कळंबा_कोडवाला, 'पळपुटी' हा शब्द तुम्हाला सुचला यावरून मराठी शाबूत आहे असं दिसतं. माघार.

एमपीएससी_ला_लागलो
मास्तरांच्या मुद्द्यात थोडी भर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. आमच्या अभ्यासिकेत इंजिनिअर झालेली पोरं मराठी निबंधाच्या पहिल्या ओळीवर तासभर बसतात. दोन वर्षं लिहायची सवय मोडली की हात जड होतो, एवढंच सांगतो.

बायोवाली_मॅडम
ताई, मूळ प्रश्नाकडं येते. मुलगी घरी अभ्यासाला आपणहून बसते का? कोणत्या विषयाला बसते? मी पालकांना नेहमी हेच विचारते, म्हणजे बाकीचं बोलायला लागत नाही.

रमणमळा_आई
बसते हो, मागं लागायला लागत नाही. संस्कृत तर गुणगुणतच करायची. फक्त पावसाळ्यात निम्मा वेळ जातो. पाऊस लागला की हिचं एकच, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं. २०१९ ला आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं तेव्हा ही आठ-नऊ वर्षांची होती, आम्ही माहेरी, कोल्हापुरातल्याच संभाजीनगरला जाऊन राहिलो होतो. तेव्हापासून वही घातलीय. सकाळ-संध्याकाळची पातळी, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, किती वाजता. २०२१ ची तर अख्खी वही भरलीय. आजोबांनी तारखा घालायला शिकवलं होतं. पण तो छंद झाला, विषय निवडायला त्याचा काय उपयोग.

जलसंपदा_निवृत्त
इतका वेळ नुसता वाचत होतो. ताई, त्या वहीत अजून काय काय आहे?

रमणमळा_आई
थांबा, आणते. (ती झोपलीय.)

रकाने आहेत. तारीख, वेळ, फूट-इंच, दरवाजा नंबर, क्युसेक. ३९ आणि ४३ लाल पेनाने आहेत, ते इशारा आणि धोका पातळीचे. एका पानावर १४२८ गुणिले ७ बरोबर ९९९६ असं लिहून चौकोन केलाय. शेवटच्या रकान्याला 'तास' नाव दिलंय, त्यात १९, २२, १६ असले आकडे आणि प्रश्नचिन्हं आहेत. कशाचे तास ते मला कळलं नाही.

जलसंपदा_निवृत्त
मला कळलं.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक उंचीला आलं की ते आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सातही उघडले की ९९९६, म्हणजे दहा हजाराला चार कमी. हा झाला चौकोन. 'तास' म्हणजे, माझ्या अंदाजानं, दरवाजा उघडल्यापासून राजाराम बंधाऱ्याला पातळी चढायला लागलेला वेळ. ती तो काढायला बघतेय. आणि प्रश्नचिन्हं आहेत कारण तो दर वेळी वेगळा येतो. तो वेगळा येणारच. राधानगरी भोगावतीवर, पण पंचगंगा काही एकट्या भोगावतीची नाही. कासारी, कुंभी, तुळशी सगळ्या प्रयाग चिखलीपर्यंत येऊन मिळतात. तिकडं गगनबावड्याला पाऊस कोसळत असेल तर राधानगरीचा एकही दरवाजा न उघडता पातळी चढते. तिच्या वहीत पावसाचा रकाना आहे का? नसला तर घालायला सांगा.

आता विषयांचं. मी ३४ वर्षं हेच केलं. नदीचा फूट म्हणजे पाणी नव्हे. पात्राच्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, तेव्हा क्युसेक मिळतात. आणि पात्र काही चौकोनी डबा नाही. खाली अरुंद, वर पसरट, धोका पातळीच्या पुढं शेतात पसरतं. म्हणून ३० वरून ३१ फुटाला जितकं पाणी लागतं त्याच्यापेक्षा ४३ वरून ४४ ला कितीतरी जास्त लागतं. हा आलेख सरळ रेषा नसतो, वळतो. तो वळण कसा घेतो हे सांगणाऱ्या गणितालाच तुमची लेक बारावीत डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन म्हणेल. ती ज्या गोष्टीच्या मागं सहा-सात वर्षं लागलीय तिचा रस्ता गणितातून जातो. आणि नेमकं तेच ती सोडायला निघालीय, कारण त्याचं नाव तिला माहीत नाही.

खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथं नद्या-धरणांची लहान मॉडेलं करून त्यातून पाणी सोडून बघतात. जमलं तर एकदा दाखवून आणा.

उद्यमनगरी
साहेब, अंगावर काटा आला. खरंच.

दुधकट्टा
साहेब, अलमट्टी धरणाचं काय तेवढं सांगून टाका.

व्यवस्थापक
अलमट्टीचा विषय काढू नये. गेल्या वेळी धागा कुलूपबंद करावा लागला होता.

गणूसर
निवृत्त साहेबांनी काम सोपं केलं. आता ७१ चं बोलू. ताई, दहावीचं गणित म्हणजे बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. तिचे गेले कशात?

रमणमळा_आई
भूमितीत. प्रमेयं. सिद्धता पाठ केली की कारणं उलटीपालटी होतात म्हणते.

गणूसर
वाटलंच होतं. मग हे तिला नक्की वाचून दाखवा. बारावीच्या पहिल्या भागात तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, रेषांची जोडी, सदिश, रेषा आणि प्रतल, लिनिअर प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या भागात डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, प्रॉबॅबिलिटी. वर्तुळाची स्पर्शिका आणि त्या चौकटीतली 'विधाने आणि कारणे' तिला आता त्या रूपात भेटणार नाहीत. दहावीच्या भूमितीला घाबरून अकरावीचं गणित सोडणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून सायकल न शिकणं.

पण गुळचटही बोलणार नाही. अकरावीचे पहिले तीन महिने जड जातात, सगळ्यांनाच. सीईटीत २०० पैकी १०० गणिताचे, पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही हे बरं. अकरावीच्या पोर्शनला फक्त वीस टक्के वजन, म्हणून पोरं अकरावी सोडून देतात आणि मग बारावीत पायाच नसतो. ती चूक करू नका.

पुणेरी_जावई
मी म्हटलेच होते की गणित सोडू नये.

गडहिंग्लजकर
तुम्ही 'सगळंच घ्या' म्हटला होता. बाजारात सगळंच घ्या म्हणणारा बरोबरच असतो की, पिशवी दुसऱ्याची असती.

भूगोलवाला_बीए
भूगोल आर्ट्सचा विषय म्हणून कुणी मोजेना, म्हणून लिहितोय. मी बीए, एमए भूगोल, विद्यापीठात आपल्या इथंच. आज नकाशांचं, जीआयएसचं काम करतो. पुरानंतर कुठल्या गल्लीत किती पाणी होतं याचे थर नकाशावर चढवतो. आमच्या टीममध्ये सिव्हिलची पोरं आहेत, ती आकडा आणतात, तो गावात कुठं पसरणार ते आम्ही सांगतो. त्यामुळं भूगोल घ्याच, मिळाला तर. बायोच्या जागी अगदी फिट्ट बसतो. आणि हो, आर्ट्सला भूगोल आणि गणित दोन्ही घेता येतात, पण फिजिक्स नसेल तर इंजिनिअरिंगचा रस्ता संपतो. तिचा कल बघता फिजिक्स सोडायला मी सांगणार नाही, आर्ट्सवाला असून.

पेठेतला_डिफेंडर
भावाला एनडीएला जायचंय, त्याच्यावरनं एक माहिती. आर्मीसाठी कुठलीपण शाखा चालती, पण एअरफोर्स आणि नेव्हीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स पाहिजेतच. त्यानं आर्ट्स घेतलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता आर्मी एके आर्मी. गोलकीपर चांगला आहे मात्र, शाहू स्टेडियमवर येऊन बघा कधीतरी.

कुंभारगल्ली
ताई, फॉर्मचं एक सांगते. २०२५-२६ पासून अकरावी राज्यभर ऑनलाइन झालीय, दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. त्यात शाखा आणि कॉलेज ठरतं, विषय प्रवेश पक्का करताना कॉलेजातच. म्हणून पसंतीक्रम टाकायच्या आधी प्रत्येक कॉलेजला जाऊन विचारा, सायन्सला भूगोल आहे का, मराठीला तुकडी आहे का. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आम्ही आधी नंबर टाकले आणि मग विचारायला गेलो. उलटं झालं.

रमणमळा_आई
सगळ्यांचे खूप आभार. निवृत्त साहेबांचा प्रतिसाद तिला सकाळी चहाबरोबर वाचायला दिला. काही बोलली नाही. आधी वही न विचारता उघडली म्हणून माझ्यावर चिडली. मग दुपारी बघते तर पट्टी घेऊन पावसाचा रकाना आखत बसली होती, गगनबावड्याचा वेगळा, राधानगरीचा वेगळा. जागा पुरेना म्हणून 'तास'चा रकाना खोडून पलीकडच्या पानावर नेला. आणि विचारलंन, "ते काका अजून कामावर असतात का? छेदाचं क्षेत्रफळ कुठून मिळतं?"

जलसंपदा_निवृत्त
काका घरी असतात आणि कंटाळलेले असतात. इथंच विचारायला सांगा, उत्तर देतो.

दुधकट्टा
म्हणजे आता आमच्या धाग्यावर क्लास सुरू. फी कोण घेणार?

रमणमळा_आई
(तीन आठवड्यांनी) उशिरा लिहितेय, पण ज्यांनी एवढं सांगितलं त्यांना कळवायला हवं.

दुसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलं. तिथं चौकशी केली होती तेव्हा "भूगोल आहे" म्हणाले होते. प्रवेशाच्या दिवशी कळलं की आहे तो आर्ट्सला, सायन्सच्या वेळापत्रकात नाही. खिडकीतल्या बाईंनी समजुतीनं घेतलं, पण त्यांच्याही हातात नव्हतं. त्यामुळं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, आणि चौथ्या जागी तेच बायो, चित्रांसकट. बायोत नुसतं पास व्हायचं असं आमचं ठरलंय. @बायोवाली_मॅडम, रागावू नका. भूगोलाचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलंय, ते रात्री वाचते.

आयटीच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मराठी मिळाली. घरी आजोबांना सांगितलं, "आजोबा, मराठी घेतली." जागा भरल्याचं तिनं सांगितलं नाही, मीही नाही. ते उठले, कपाटातून जुनी वृत्तांची वही काढून दिली आणि तिच्याच हातचा चहा मागितला.

बायोवाली_मॅडम
रागावले. पण नुसती पास नको म्हणावं, चित्रांना नावं नीट दिली तरी बरेच मार्क असतात. पेन्सिल टोकदार ठेवायची, शेडिंग करायचं नाही. बास.

मराठीचा_मास्तर
आयटीच्या जागा भरल्या म्हणून का होईना. तेरावी आली वर्गात.

उद्यमनगरी
मिस्टरांना सांगा, पॅटर्न शॉपवर आणा एकदा पोरीला. नदीचं मॉडेल करायचं झालं तर लाकूड आमच्याकडनं.

पेठेतला_डिफेंडर
पाऊस लागलाय लेको. राजारामला आज किती?

रमणमळा_आई
सकाळी आठला २३ फूट ४ इंच. तिनं सांगितलंय. आणि गगनबावड्याला रात्रभर ओतलंय, उद्या चढेल म्हणाली.

जलसंपदा_निवृत्त
किती चढेल ते आधी वहीत लिहून ठेवायला सांगा. मग उद्या ताडून बघू.